वाक्यांचा क्रम

"पोरगी बोलतेय. घाबरू नका,
आधी तिचा आवाज ऐका."

पहाटे पावणेसहा,
पुणे स्टेशन, फलाट तीन,
अनोळखी नंबरावरून आलेलं
हे पहिलं वाक्य.

मग ती : आई, चष्मा सापडत नाहीये.
मग पुन्हा तो माणूस,
आणि मगच अपघात हा शब्द,
हॅरिस पुलापुढचं धुकं, मेट्रोचा खांब,
गाडीचं नाक आत गेलंय ताई,
पण हातपाय हलवतेय, मी बघतोय ना.

हीच वाक्यं उलट्या क्रमानं आली असती
तर नांदेडहून आणलेल्या पिशव्यांसकट
मी तिथेच खाली बसले असते.

मीच म्हटलं होतं,
रिक्षावाले पहाटे दुप्पट मागतात,
लायसन आलंय ना आता, ये घ्यायला.
अठरा वर्षं दोन महिने.
लायसनला एकवीस दिवस.
आणि डिसेंबर, मुळेच्या पाण्यावरून वाफ उठून
रस्त्यावर चढलेली,
तिच्यात समोरचे दिवे म्हणजे नुसते पिवळे डाग.

पुढचं ऋजुताने सांगितलं, तुकड्या-तुकड्यांत,
भुवईला सात टाके असताना.

दुधाच्या टेम्पोवाल्याने टेम्पो आडवा घातला,
मागून कुणी तिच्यावर येऊ नये म्हणून,
आणि दोन्ही इंडिकेटर लावून उभा राहिला.
खडकीत त्या दिवशी किती घरांत
चहा खोळंबला असेल,
त्याला किती बोलणी बसली असतील.

महापालिकेचा कोट घातलेल्या एक बाई
काचा झाडत होत्या.
काकू, राहू द्या ना, ही म्हणाली.
अगं, मागून सायकलवाले येतात.
काचांत हिचा एक डूल निघाला.
त्यांनी तो पदराला पुसला,
हिच्या कानात घातला, फिरकीसुद्धा लावली,
कुणाच्या लेकीच्या कानाला आपण हात लावतोय
असलं काही मनात न आणता.

आणि तो, फोनवरचा.
दारूगोळा कारखान्याची पहिली पाळी,
सायकलच्या हँडलला डबा.
हिचे दात वाजायला लागले
तशी त्याने कानटोपी काढली.
रक्त लागेल काका.
लागू दे, लोकरच आहे.

आठ दिवसांनी मी त्या नंबरावर फोन केला.
बाईंनी उचलला. हे ड्युटीवर गेलेत.
मी आपली आभाराची सुरुवात केली,
पलीकडे काहीच नाही.
मग : कसला अपघात?
घरी तर काही बोलले नाहीत.
आणि एकदम हसल्या.
टोपी कुठाय विचारलं तर म्हणे उडाली सायकलवरून.
अहो, किती बोलले मी त्यांना!

नाव विचारलं. ओव्हाळ, म्हणाल्या.
दुसरंही विचारायचं होतं,
अशा बातम्या सांगायची ही रीत
कुठे शिकले म्हणून. जीभ उचलली नाही.
त्या आपणच म्हणाल्या,
आम्हाला फोन आला होता ना तेव्हा त्या माणसाने...
कुकरची शिट्टी झाली त्यांच्याकडे.
एक, दोन.
मग म्हणाल्या, पोरीला थंडी बाधली नाही ना?

टोपी मरून रंगाची आहे.
तीनदा धुतली. डाग गेला,
खोबरेल तेलाचा वास गेला नाही.
बोपोडीला नेऊन द्यायचीय, चार रविवार झाले.
ऋजुता सोडत नाही,
अभ्यासाला बसते ती घालून,
कान झाकलेले,
आणि मला स्वयंपाकघरातून ओरडावं लागतं
दोनदा, तीनदा,
चल गं, जेवायला.